सूत आणि मिलिमीटर

पावसाळा सरला की हेंद्रेपाड्यात चार-आठ दिवस नदीकडून ओलसर वारा येत राहतो. मग एका सकाळी तो थांबतो. अंगणातली माती वरून वाळते, आत मात्र वाफ धरून असते, आणि दुपारी गाडीचं दार उघडलं की रेग्झिन, रबरी मॅट आणि किंचित पेट्रोल असा एक वास अंगावर येतो. काल तो आला. ऑफिसला सुट्टी होती, घाई कशाचीच नव्हती. मी दार उघडं टाकून, एक पाय बाहेर ठेवून तशीच बसून राहिले. स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसला. तो चटका मला बरा वाटला.

ऑक्टोबर कुणाला फारसा आवडत नाही. आमच्या ऑफिसात या महिन्यात सगळे कपाळाला रुमाल लावून एकमेकांना तेच सांगत असतात, की काय उकडतंय. मीही मान डोलावते. पण मनातून मला हा महिना आला की स्वस्थ वाटतं, कारण सात-आठ वर्षांपूर्वीच्या अशाच एका ऑक्टोबरात मी आयुष्यातली पहिली हत्यारं विकत घेतली. नट आवळायचे पाने, दोन स्क्रू-ड्रायव्हर, एक पक्कड. मैत्रिणी त्या सुमारास पहिल्या साडीचं खरेदीपुराण सांगायच्या, आणि माझ्याकडे सांगायला हे होतं. म्हणून मी सांगायचे नाही.

त्या वर्षी जूनमध्ये आई घसरून पडली होती. मांडीच्या हाडात सळई घालावी लागली. आई वांगणीच्या पलीकडच्या एका पाड्यावर शाळेत शिकवायची. स्टेशनवरून पुढे दोन मैल चालत. डॉक्टरांनी जिना आणि चाल दोन्ही बंद केले. रजा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुरत होती. त्यानंतर हजर व्हायचं किंवा नोकरी सोडायची, असे दोनच रस्ते होते. आई याबद्दल बोलत नसे. खाटेवर पाय लांब करून ती जुनी प्रश्नपत्रिकांची चोपडी चाळायची आणि मध्येच म्हणायची, "चौथीला आता भागाकार आला असेल. कोण शिकवत असेल कोणास ठाऊक."

तेव्हा बाबांनी कारखान्यातल्या एका साहेबांची जुनी गाडी घेतली. त्या काळी रस्त्यावर मोटारींच्या दोनच जाती दिसायच्या. आमची त्यातली लहान. रंग दुधात चहा जास्त पडल्यासारखा. बाबांची पहिली पाळी असायची, ते सहालाच अंबरनाथला निघायचे, म्हणजे आईला शाळेत न्यायचं ते मी. माझं बी. कॉम. नुकतंच झालं होतं आणि लायसन्सही मिळालं होतं. प्रश्न मिटला असं मला वाटलं.

"हिला चालवता येतं की," आई म्हणाली.

"चालवता येणं वेगळं आणि घेऊन जाणं वेगळं," बाबा म्हणाले. "शिरगाव सोडलं की वांगणीपर्यंत काय आहे? शेतं. मध्येच गाडी बसली तर ही काय करणार? हातवारे?"

"हातवारे कुठले. ही नुसती बघत बसेल."

दोघं हसले. मीही हसले, कारण ते खरं होतं. मग बाबांनी बोटांवर मोजत सांगितलं: चाक बदलणं, पंख्याचा पट्टा ताणून बसवणं, प्लग साफ करणं, बॅटरीची टोकं घासणं. एवढं मला एकटीला, कुणी न सांगता आलं, तर सुट्टीनंतर आई शाळेत जाईल. "नाहीतर मग," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

आमच्याकडे खंडेनवमीला पूजा नसते. आम्ही बौद्ध, दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात जायचं, वंदना म्हणायची, खीर खायची, एवढा आमचा दसरा. पण बाबांचा जन्म गेला टूलरूममध्ये, आणि तिथे आदल्या दिवशी प्रत्येक मशीन धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालतात. बाबांच्या लेथलाही कुणीतरी हळद-कुंकू लावून जायचं. ते लावणाऱ्याला कधी अडवत नसत आणि स्वतः कधी लावत नसत. "कुंकू तुमचं, तेल माझं," म्हणत ते तेलाची बाटली आणि चिंधी घेऊन बसायचे. कारखान्यात यावर दरवर्षी तोच विनोद व्हायचा आणि दरवर्षी सगळे हसायचे.

घरी आल्यावर ते व्हरांड्यात पांढरं कापड अंथरून स्वतःची हत्यारं मांडत. प्रत्येक पाना उचलायचा, पुसायचा, तेलाचं बोट फिरवायचं, खाली ठेवायचा. अगदी सावकाश. मी लहानपणापासून उंबऱ्यावर बसून ते बघत आले होते. त्या वर्षी मी हात पुढे केला.

"त्यांना नको," बाबा म्हणाले. रागावून नाही. "माझ्या हाताला लागलेत ते. तुझ्या हातात निसटतील. तुझे तू आण."

"मला कुठे कळतंय त्यातलं."

"मी येतो की बरोबर."

बाबांची सगळी मापं इंचात होती. त्यांच्या कारखान्यातली मशिनं इंग्रजांच्या वेळची, म्हणून नट-बोल्टही इंची, आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. अर्धा इंच म्हणजे चार सूत. बाबा घरातही सुतात बोलायचे; खिडकीची फट दोन सूत, आईच्या चपलेची टाच एक सूत झिजली. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःचा सहा सुती पाना गाडीच्या चाकाच्या नटावर लावून बघितला. डब्याला झाकण बसावं तसा तो बसला. "बघ. इंची गाडी आहे," ते म्हणाले आणि विषय संपला.

माझ्या हातात मात्र गाडीचं मॅन्युअल आलं होतं. इंग्रजीत होतं म्हणून घरात ते माझंच. मी ते कादंबरीसारखं तीनदा वाचलं होतं. शेवटच्या पानांवर कुठल्या नटाला कुठला पाना याचा तक्ता होता, आणि त्यात आकडे होते दहा, तेरा, सतरा, एकोणीस. मिलिमीटर. मी ते वहीच्या चतकोर कागदावर उतरवून पर्समध्ये ठेवले. चाकाच्या नटावर पाना बसताना मी शेजारीच उभी होते. बाबांना माहीत असेलच, असं मी स्वतःला सांगितलं.

उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात हार्डवेअरच्या दुकानांची एक गल्ली आहे. त्यातल्या एका दुकानात बाबा वर्षानुवर्षं जायचे. छतापासून साखळ्या, दोरखंड, बादल्या लोंबत असायच्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध गादीवर जाड काचांचा चष्मा लावलेले सिंधी शेठ. दुकानात सात-आठ पुरुष होते. माझ्यासारखं कुणी नव्हतं.

"आओ साईं. आज बेबी को लाया?"

"तिच्यासाठीच घ्यायचंय, शेठ. गाडीचे पाने. चांगला सेट दाखवा."

"बेबी के लिए?" शेठनी चष्मा वर केला. "तो गुलाबीवाला दिखाऊँ?"

सात-आठ जण हसले. बाबाही हसले. मी पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

"इंची की एमेम?"

"इंची."

"गाडी कौनसी?" बाबांनी सांगितली. शेठचा हात फळीवर तसाच थांबला. "उसको तो एमेम लगता है, साईं. मेरे हिसाब से."

"शेठ, तीस वर्षं हेच करतोय. नट लावून बघितलाय मी."

"तो फिर ठीक. आप मिस्त्री आदमी, मैं दुकानदार."

कागद माझ्या बोटांत होता, पर्सच्या आत. मला त्याची घडी कळत होती. पण इतक्या माणसांत बाबांचं म्हणणं खोडायचं, तेही माझ्या त्या मराठीत, जी घाबरले की निम्मी इंग्रजी होते आणि ऐकणारा "कॉन्व्हेंट का?" म्हणून विचारतो, हे मला जमणारं नव्हतं. शेठनी लाल पत्र्याची पेटी काढली. आत चकचकीत पाने ओळीने, लहानापासून मोठ्यापर्यंत, एखाद्या शाळेच्या फोटोसारखे. आम्ही ती घेऊन आलो.

रविवारी बाबांनी मला पंख्याचा पट्टा सैल करायला सांगितलं. पट्टा ताणून धरणाऱ्या डायनमोच्या नटावर साडेपाच सुती पाना बसला, पण त्याचं बसणं जरा ढिलं होतं. चुलीवर मोठं पातेलं ठेवावं तसं. मी जोर लावला. पाना सटकला आणि माझी बोटं रेडिएटरवर आपटली. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. तिसऱ्यांदा सटकला तेव्हा बाबांनी मला बाजूला केलं, वाकून बघितलं. नटाचे सहाच्या सहा कोपरे गेले होते. तो गोल झाला होता, तुळतुळीत.

बाबा आत गेले आणि व्हर्निअर घेऊन आले. कारखान्यात ज्याने केसाचंही माप घेतात ते हत्यार. शेजारचा चांगला नट त्यांनी मोजला. "सतरा," ते म्हणाले. घरातलंच कुणीतरी खोटं बोललंय अशा आवाजात. मग चाकाचा नट मोजला. एकोणीस. आणि सहा सूत म्हणजे एकोणीस आणि वर मिलिमीटरचा विसावा भाग. दोघांमध्ये केस मावणार नाही एवढा फरक. चाकाचा एक नट जुळला म्हणून सगळी गाडी इंची, असं धरून आम्ही बसलो होतो.

मी पर्समधून कागद आणून त्यांच्यापुढे धरला. का ते मलाही नीट माहीत नाही. लपवून ठेवणं अवघड झालं असावं.

"हे कधी लिहिलंस?"

"मागच्या आठवड्यात. मॅन्युअलमध्ये आहे."

"दुकानात होतं तुझ्याजवळ?"

"पर्समध्ये होतं."

बाबा बराच वेळ चिंधीने हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसत होते.

"मी चुकलो ते सोड. माणूस चुकतोच," ते म्हणाले. "पण उद्या रस्त्यात आई गाडीत बसलेली असेल. गाडीत काहीतरी बिघडलंय हे तुला कळलेलं असेल. आणि आजूबाजूला चार माणसं उभी राहून भलतंच सांगत असतील. तेव्हाही तू अशीच पर्स धरून उभी राहणार का?"

मी कागदाची घडी घालू लागले.

"मग आईला मी तुझ्याबरोबर पाठवणार नाही, मित्रा. पाने चुकले म्हणून नाही. यासाठी."

माझं नाव संघमित्रा. बाबा मित्रा म्हणतात, आणि चिडले असले तर पूर्ण नाव घेतात. त्या दिवशी त्यांनी मित्रा म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं. आई आत खाटेवर होती. दार उघडं होतं. तिने सगळं ऐकलं असणार.

मग बाबांनी कानस घेतली आणि त्या गोल झालेल्या नटाला घासून घासून दोन बाजू पाडल्या, पाच सुताच्या. त्यावर पाच सुती पाना घट्ट बसला आणि नट निघाला. अर्धा तास लागला. घामाचे थेंब इंजिनावर पडून सुकत होते. नट माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, "परवा पेटी घेऊन जा. एकटी. बदलून आण."

"शेजारच्या सावंतकाकूंना नेतेस का सोबत?" आईने आतून विचारलं.

"काकू काय नट मोजणारेत?" बाबा म्हणाले.

गाडीचे चार वेगवेगळे नट रुमालात बांधून आणि पेटी पिशवीत घालून मी गेले. विठ्ठलवाडीला उतरून त्या गल्लीपर्यंत चालत. दुकान दिसलं तशी समोरच्या पापडवाल्याच्या सावलीत थांबले. पंधरा मिनिटं तरी थांबले असेन. दुसऱ्यांना बघत राहणं मला आधीपासूनच जमतं, आणि त्या दिवशी ते कामाला आलं. जे मोठ्याने विचारत होते त्यांना शेठ "हां हां, देखते हैं" म्हणून उभे करत होते. आणि जो येऊन काही न बोलता फळीवर वस्तू ठेवत होता, तुटलेली कडी, झिजलेला वॉशर, त्याच्याकडे शेठ आधी वळत होते. वस्तू दिसली की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा.

मी जाऊन रुमाल फळीवर ठेवला आणि गाठ सोडली. चार नट. शेजारी तो पाचवा, कानशीने घासलेला. त्याच्या शेजारी लाल पेटी.

शेठनी घासलेला नट उचलून उन्हात धरला. "आ गया ना वापस. मैंने बोला था साईं को."

"मलाही माहीत होतं," मी म्हणाले. "मी बोलले नाही."

हे मी तिथे का सांगितलं? कुणी विचारलं नव्हतं. पण ते सांगून झाल्यावर पुढचं सगळं सोपं झालं.

"वापरा हुआ माल वापस नहीं होता, बेटा."

"एकच वापरलाय. साडेपाच सुती. बाकीच्यांना हात लावलेला नाही, बघून घ्या."

त्यांनी खरंच एकेक पाना उलटसुलट करून बघितला. साडेपाच सुती बाजूला काढला आणि माझ्याकडे सरकवला. "ये तुम्हारा. बाकी मेरे." मग त्यांनी वरून एक निळी पेटी उतरवली, पहिलीपेक्षा मोठी. "चाळीस पीस. एमेम. घर में रखेगी तो शो दिखेगा."

आत इतकं काही होतं की त्यातल्या निम्म्या गोष्टींचं काय करतात ते मला माहीत नव्हतं. मला माहीत होत्या त्या चारच कामांच्या गोष्टी. "पेटी नको," मी म्हणाले. "सुटे द्या."

"सुटे में टाइम जाएगा."

"मला वेळ आहे."

आणि खरंच वेळ गेला. त्या तासाभराची चव मला अजून आठवते. कडीच्या तोंडाचे चार पाने. एका दांड्याला दोन्ही टोकांना दोन मापं, पण त्यातलं माझ्या कामाचं एकच, म्हणून माझ्या चार आकड्यांना चार लागले. उघड्या तोंडाचे मी नको म्हणाले, कारण कडी नटाला सगळीकडून धरते आणि मी एकदा कोपरे घालवलेले होते. प्रत्येक पाना मी माझ्याच नटावर लावून हलवून बघितला. डुलला तर परत. सतराचे तीन परत केले. आखूड दांड्याचे हलके होते, हातात सुबक दिसत होते, पण बाबा म्हणायचे की जोर हातात नसतो, दांड्याच्या लांबीत असतो. माझे हात लहान, म्हणून मी लांब घेतले. शेठनी दोन पाने एकमेकांवर आपटून आवाज ऐकवला. एकाचा आवाज घुमत राहिला, एकाचा लगेच मेला. "जो गाता है वो ठोका हुआ लोहा, जो नहीं गाता वो साँचे का." मग मीही आपटून बघू लागले.

पिवळ्या मुठीचे दोन स्क्रू-ड्रायव्हर, एक चपट्या आणि एक फुलीच्या टोकाचा. पक्कड. प्लग काढायचा नळीसारखा पाना. आणि प्लगची फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या, बोटभर लांबीच्या, पंख्यासारख्या उघडणाऱ्या. त्या मला इतक्या आवडल्या की गरज नसती तरी घेतल्या असत्या. शेठनी सरकता स्क्रू-पाना पुढे केला, सगळ्या मापांना चालणारा. तो मी हातात घेतला आणि ठेवून दिला.

मागे एक माणूस तारेचं भेंडोळं घेऊन केव्हाचा उभा होता. "ओ मॅडम," तो म्हणाला, "गाडी की शादी है क्या? कितना देख रहे हो."

"शादी में एकच बघायचा असतो," मी म्हणाले. "इथे नऊ आहेत."

शेठ गादीवरून हलले इतके हसले. तो माणूसही हसला. मी मान खाली घालून पट्ट्या मिटत होते. कान गरम झाले होते, पण ते उन्हानेही असेल.

घरी बाबांनी पांढरं कापड अंथरलं. मी एकेक मांडलं. ते उचलून बघत गेले, आणि एखाद्या पान्यावर थांबले की विचारत गेले.

"हा लांब का?"

"माझा हात लहान आहे."

"स्क्रू-पाना नाही आणला?"

"आळशी माणसाचा पाना, तुम्हीच म्हणता."

"शेठ काय म्हणाला?"

"मैंने बोला था, म्हणाला."

बाबा मान मागे टाकून हसले. त्या रविवारनंतर पहिल्यांदा. आईने खाटेवरून सगळं बघितलं आणि संध्याकाळी बाबांची जुनी खाकी पँट मागून घेतली. पाय लांब, मांडीवर कापड, अशी बसून तिने तीन दिवसांत नऊ खिशांची एक गुंडाळी शिवली. पान्याच्या प्रत्येक खिशावर लाल दोऱ्याने आकडा. देवनागरीत, फळ्यावर काढते तसा ठसठशीत. इंग्रजी मॅन्युअलमधला सेव्हन्टीन आईच्या खिशात सतरा झाला. बाबांच्या तोंडी तो अजून "साडेपाचाला जरा कमी" असाच होता. आमच्या घरात एका नटाला तीन नावं होती आणि तीनही चालत होती.

मग ते तीन आठवडे. मला त्यांची क्रमवार आठवण नाही, तुकडे आहेत. अंगणात गाडीखाली अंथरलेल्या गोणपाटाचा टोचरेपणा. प्लगच्या टोकावरची काजळी, आणि ती घासल्यावर खाली निघणारा राखाडी रंग. नखांतला काळा रंग साबणाने जात नाही म्हणून आईने गोडं तेल आणि साखर चोळायला दिली, तो चिकट, गोड वास. सावंतकाकूंच्या घरातून चिवड्याची फोडणी यायची आणि माझ्या हाताला ग्रीस. काकू भिंतीवरून डोकावायच्या.

"काय गं मित्रा, आजही गाडीखाली? अगं, बघायला पाहुणे आले तर पाय तेवढे दिसतील त्यांना."

"पाय बघून पसंत केली तर बरंच आहे," आई खिडकीतून म्हणायची. "तोंड उघडायला नको तिला."

मी गाडीखाली हसायचे. तिथे कुणी बघत नव्हतं.

माणसांशी बोलताना मला नेहमी वाटतं की समोरचा माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघतोय, आणि तो शब्द माझ्याकडे नाही. गाडीपुढे हे कधी वाटलं नाही. नट वाट बघत नाही. पाना नीट बसला आहे की नाही हे तो ताबडतोब, बोटांना सांगतो. त्या दिवसांत मी फार थोडं बोलले, पण ते गप्प राहणं आधीच्यासारखं नव्हतं. आताही ऑफिसात एखादा हिशेब चुकीच्या दिशेने चाललेला दिसला की मी आधी कागद टेबलावर ठेवते, मग बोलते. साहेब म्हणतात, बाई बोलत नाहीत पण वेळेवर बोलतात. मला ते पुरतं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बाबा पायरीवर चहा घेऊन बसले आणि म्हणाले, "चाक." मी जॅक लावला, चाक काढलं, दुसरं चढवलं. "पट्टा." पट्टा सैल केला, ताणला, अंगठ्याने दाबून बघितला. प्लग. बॅटरी. त्यांनी एकदाही सूचना दिली नाही. चहा निवून गेला, तो प्यायलाही ते विसरले होते. शेवटी उठले, अंगावरची धूळ झटकली, आणि किल्ली मला न देता आत गेले. मी मागोमाग गेले तर ती आईच्या शाळेच्या पिशवीशेजारच्या खिळ्याला लटकत होती.

आई सोमवारी शाळेत हजर झाली. पाड्यापर्यंत गाडी जात होती. मुलं गाडीभोवती जमली आणि आईला काठीसकट आत घेऊन गेली. मी तिथून परत आले आणि चारला पुन्हा गेले. असे आठ-दहा दिवस काही न होता गेले, इतके सुरळीत की मला जरा निराशाच झाली.

मग एका सकाळी शिरगाव मागे टाकल्यावर रस्त्यावर म्हशी आल्या. मी गाडी थांबवली, इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवली. काहीच नाही. आवाज नाही, हॉर्न नाही. भाताची कापणी झालेली शेतं दोन्हीकडे, आणि उन्हाला अजून सुरुवात व्हायची होती. आई शेजारच्या सीटवर चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासत होती. लाल पेन, मांडीवर फुटपट्टी.

म्हशींमागचा गुराखी थांबला. मागून आलेला टेम्पो थांबला. त्यातून दोघे उतरले.

"धक्का मारू का ताई?" एकजण म्हणाला.

"पेट्रोल संपलं असेल," दुसरा म्हणाला. "कार्ब्युरेटर खोला. कचरा असणार."

"ड्रायव्हर कुठाय तुमचा?" गुराख्याने आईला विचारलं.

आईने उत्तरपत्रिकेचं पान उलटलं. "ड्रायव्हर समोरच आहे," ती म्हणाली. "बघतेय ती."

मी बॉनेट वर केलं. दिवाही नाही, हॉर्नही नाही, म्हणजे पेट्रोलचा प्रश्नच नव्हता. "कार्ब्युरेटर नको," मी त्या दोघांना म्हणाले. "वीजच येत नाहीये." माझा आवाज मला जरा मोठा वाटला. बॅटरीच्या एका टोकावर पांढरी भुकटी साठली होती आणि खड्ड्यांनी तार ढिली झाली होती. बोटाने हलवली तर फिरत होती. मी गुंडाळी उघडली. दहाचा पाना. नट सैल केला, तार काढली, चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने भुकटी खरवडली, पुसली, तार बसवली, आवळली. दहा मिनिटं. टेम्पोवाले बघत राहिले. एकाने न विचारता माझ्या हातातली चिंधी धरून ठेवली.

या सगळ्या वेळात मी दोनदा काचेतून आत बघितलं. दोन्ही वेळा आईची मान खाली होती. पहिल्यांदा ती कुठल्यातरी उत्तरावर फुली मारत होती, दुसऱ्यांदा गुणांची बेरीज करत होती. तिला शाळेची घाई नव्हती असं नाही. हातातल्या घड्याळाकडे बघायची तिला सवय आहे. पण तिने ते बघितलं नाही, बाहेर काय चाललंय हेही बघितलं नाही. घरी स्वयंपाक मी करत असले की ती जशी निवांत बसते तशी बसली होती.

किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. टेम्पोवाल्याने चिंधी खिडकीतून आत दिली आणि म्हणाला, "चला, आमचं काही काम नाही इथे."

शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना संपत आली होती. आई उतरली, काठी घेतली, उत्तरपत्रिका छातीशी धरल्या. दार लावताना तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"तशीच जेवू नकोस घरी जाऊन. धू ते," ती म्हणाली. "आणि आज साडेचारला ये. मुलांचा भागाकार मागे पडलाय, अर्धा तास जास्त घेणार आहे मी."